मॉरिस मायनर आणि हेरल्ड : घरच्या घरी देखभाल (पाने, ट्रनियन, कार्ब्युरेटर, वायरिंग)

कोव्हेंट्रीकर

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे प्रश्न इथे चार धाग्यांत विखुरलेत. एका जागी आणावेत म्हणून हा धागा. नमुन्याला दोन गाड्या घेतो. एक मॉरिस मायनर १०००, ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातली, १९५६ ते १९७१. इंजिन आधी ९४८ सीसी, १९६२ पासून १०९८. दुसरी कोव्हेंट्रीची ट्रायम्फ हेरल्ड, जी १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून तयार झाली आणि आजही पुण्या-कोल्हापुरात दिसते.

माझ्या मते या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान दोन गोष्टी करतात: चुकीचा पाना आणि चुकीचं वंगण.

आधी पाने. दोन्ही गाड्यांचे आटे मुख्यतः यूएनएफ आणि यूएनसी, म्हणजे इंची मापाचे बारीक आणि जाड आटे. पाने एएफ, म्हणजे नटाच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर इंचात. पाव इंची बोल्टला ७/१६ चा पाना, ५/१६ च्या बोल्टला १/२ चा, ३/८ ला ९/१६ चा, अर्ध्या इंचाच्या बोल्टला ३/४ चा. एवढे चार रिंग पाने आणि त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट) घेतल्या की बहुतेक गाडी खोलता येते. मिलिमीटरचे पाने लावू नका. ७/१६ म्हणजे ११.११ मिमी, त्यावर ११ चा चढत नाही आणि १२ चा सैल. १/२ म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा चढतो खरा, पण ०.३ मिमी ढिला राहतो. गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल झालेच. ३/४ वर १९ चा चालतो, कारण फरक फक्त ०.०५ मिमीचा.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे ५/१६ च्या भोकात एम-८ बोल्ट घालणं. जाडी जवळजवळ सारखी, म्हणून पहिले दीड-दोन आटे हाताने जातात. पण यूएनएफला इंचाला २४ आटे, एम-८ ला साधारण २०. पुढे पान्याने रेटलं की आतले आटे सोलून निघतात.

आता ट्रनियन, म्हणजे चाकाचा उभा दांडा ज्यात फिरतो तो आतून आटे असलेला धातूचा ठोकळा. पुढच्या चाकाचं सगळं वजन आणि वळणं एका आटे असलेल्या जोडावर असतं. मायनरमध्ये उभ्या स्विव्हल पिनला वर आणि खाली आटे, त्यांवर दोन ट्रनियन फिरतात. डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट, त्यामुळे सुटे भाग मागवताना बाजू सांगावी लागते. इथे ग्रीस लागतं, साधं लिथियम ग्रीस. माझा नेम १००० मैल किंवा तीन महिने, जे आधी होईल ते.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावून चाक उचला आणि बॉडीखाली स्टँड द्या. चाक जमिनीवर असताना ग्रीस मारलं तर वजन ज्या बाजूवर आहे तिथे ते शिरतच नाही, सगळं मोकळ्या बाजूने बाहेर येतं. एका बाजूला तीन निप्पल (ग्रीस आत भरायची तोंडं): पिनवर वर-खाली दोन, स्टिअरिंगच्या टाय रॉडवर एक. निप्पल फडक्याने पुसा, नाहीतर धूळही आत जाते. गन मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नव्याचा रंग दिसेपर्यंत. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि परत दोन-तीन झटके. ग्रीस आत जात नसेल तर निप्पल काढा, तारेने भोक मोकळं करा, नवं निप्पल लावा. 'जात नाही, असू दे' हे इथे चालत नाही.

झीज तपासायची ती जॅक तसाच आर्मखाली ठेवून. टायरखाली पहार घालून चाक वर-खाली उचला आणि दुसऱ्याला ट्रनियनकडे बघायला सांगा. पिन आट्यांत वर-खाली हलताना दिसली तर गाडी तिथेच उभी करा. पिन खोलली की फरक डोळ्यांना कळतो: नव्या पिनच्या आट्यांचा माथा सपाट असतो, झिजलेल्या पिनचे आटे सुरीच्या पात्यासारखे धारदार होतात. ते सटकले की चाक बाहेरच्या अंगाला आडवं पडतं. बहुतेकदा हे कमी वेगात, गाडी वळवून लावताना घडतं, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

हेरल्डचा ट्रनियन दिसायला भाऊबंद आहे, वंगण मात्र निराळं. पितळी रंगाच्या कांस्याच्या ट्रनियनमध्ये पोलादी उभा दांडा आट्यांनी बसतो. इथे ऑईल, हायपॉइड ईपी-९० हे गिअर ऑईल. ग्रीस नाही.

हेरल्ड६८

कोल्हापूर. आमच्याकडे सगळी गॅरेजं हेरल्डच्या ट्रनियनला ग्रीसच मारतात. माझ्या गाडीत ट्रनियनच्या प्लगच्या (बुचाच्या) जागी कायमचं निप्पल बसवलंय, आत वर्षानुवर्षांचं ग्रीस असणार. ऑईलच का? आणि आता नुसतं वरून ऑईल मारलं तर चालेल का?

कोव्हेंट्रीकर

नाही चालणार, एकदा खोलावंच लागेल.

कारण असं. हा ट्रनियन खालून बंद डबीसारखा आहे. ऑईल आट्यांतून वर चढतं, वरच्या रबरी सीलपर्यंत पोहोचतं आणि बाहेर झिरपताना पाण्याला आत येऊ देत नाही. ग्रीस तळाशीच बसतं. काही महिन्यांत त्यातलं तेल निघून जातं आणि साबणासारखा कडक थर उरतो. पावसाचं पाणी वरून सीलशी साचतं, दांडा नेमका तिथे गंजतो. गंजाचे खड्डे पडले की पोलादाला तिथून तडा जातो आणि दांडा ट्रनियनच्या तोंडाशीच तुटतो. मुसळधार पावसाच्या गावात तर हे आधी तपासावं.

खोलायची पद्धत: चाक काढा, गाडी स्टँडवर. टाय रॉडचं टोक सोडवा. ट्रनियन आणि खालचा आर्म यांतून जाणारा आडवा बोल्ट काढा. तो आतल्या पोलादी नळीत गंजून बसलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. दांडा बाहेर झुकवा, ब्रेकचा होज ताणला जाणार नाही याकडे लक्ष द्या, हबला तारेचा आधार द्या. आता ट्रनियन आट्यांवरून फिरवून काढा. डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत हे विसरू नका.

सगळं रॉकेलमध्ये धुवा. दांड्याचे आटे जिथे संपतात तो भाग बारीक पॉलिश पेपरने साफ करून उन्हात धरा. नखाला लागेल असा एकही खड्डा किंवा कडा असेल तर दांडा बदला. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर नवं सील, नवे नायलॉनचे बुश, आणि आट्यांना ऑईल लावून ट्रनियन शेवटपर्यंत चढवा. मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळण मिळेल एवढाच मागे घ्या, एका फेऱ्याहून जास्त नाही. पूर्ण आवळून ठेवला तर स्टिअरिंग पूर्ण वळवताना तोच अडतो आणि दांड्यावर ताण येतो.

ऑईलसाठी वेगळी गन ठेवा. ६००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वरच्या सीलमधून ऑईल डोकावेपर्यंत.

रानजाई

मायनर १०९८, लेस्टर. स्लो रनिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, खूप वर आहे. थ्रॉटलचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी इंजिन खाली येत नाही, मधूनच वर-खाली होतं. साधं ई-१० (१० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल वापरते. कार्ब्युरेटर बदलायचा का?

डॅशपॉट

रानजाई, बदलू नका. एसयू एचएस-२ इतका साधा कार्ब्युरेटर आहे की पद्धतशीर गेलं तर दोष तासाभरात सापडतो.

१) चोक आत ढकला आणि खाली जेट पूर्ण वर परतलं का बघा. जेटच्या बाजूच्या कॅमला फास्ट आयडलचा स्क्रू टेकलेला असेल तर स्लो रनिंगचा स्क्रू कितीही सैल करा, उपयोग नाही. दोघांत बारीक फट हवी.

२) थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवा. टकटक लागली तर बॉडीतली भोकं अंडाकृती झालीत आणि तिथून हवा ओढली जाते. इंजिन चालू ठेवून दांड्याच्या टोकांशी तेलाचे दोन थेंब सोडा. चाल बदलली तर दोष तिथेच. स्प्रे मारू नका. मायनरचा कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या वर बसतो. इलाज नवा दांडा आणि बुश. बुश बसवायला भोक सरळ रेषेत रीम करावं लागतं, ते काम लेथवाल्याकडे द्या.

३) मॅनिफोल्डच्या गॅस्केटशीही तसंच तपासा.

हे झाल्यावरच मिक्स्चरला हात लावा. एअर फिल्टर काढा. कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली पडताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. दबका आवाज आला किंवा पिस्टन रेंगाळला तर सुई जेटला घासते आहे, जेट मध्यावर आणा. डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या तेलाच्या नळीत, एसएई २० ऑईल, पोकळ दांड्याच्या तोंडाच्या अर्धा इंच वर येईल इतकं. ऑईल नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते, आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात.

जेटचा षटकोनी नट पूर्ण वर न्या, मग १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. इंजिन चांगलं गरम करा. आता बाजूची पिन वापरून पिस्टन १/३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिमी, उचला. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, नट वर घ्या. लगेच पडला किंवा इंजिन बंद पडलं तर पेट्रोल कमी, नट खाली घ्या. थोडा वाढून पुन्हा जागेवर आला की जमलं. एका वेळी एकच पैलू फिरवा.

पेट्रोलचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे, सुपर अजून ई-५ मिळतं. या गाड्यांना सुपरच घाला. इथेनॉलने जुने रबरी पाइप आतून सुटतात. फ्लोट चेंबर उघडल्यावर तळाशी काजळीसारखी काळी पूड दिसली तर पाइप संपलेत. तीच पूड सुईच्या व्हॉल्व्हमध्ये अडकली की चेंबर भरून वाहतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. सगळे पाइप एसएई जे-३० आर-९ मार्काचे घ्या. मार्क पाइपवर छापलेला असतो, तो नसलेला पाइप दुकानातच परत करा.

हेरल्ड६८

आमच्याकडे आता पंपावर ई-२० च येतंय. काही वेगळं करावं लागेल का?

डॅशपॉट

पाइप आर-९, आणि ते दरवर्षी वाकवून तपासा; भेगा आधी वळणावर पडतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर मिक्स्चर पातळ होतं. वर सांगितल्याप्रमाणे पिनने तपासा. बहुतेक एक-दोन पैलू खाली घ्यावं लागेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामं करून ठेवा, नाहीतर इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

ठिणगी

'गरम झाली की बंद, वीस मिनिटांनी आपोआप चालू' हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि उत्तर मिळतं 'व्हेपर लॉक', म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ अडकणं. अर्ध्या वेळा दोष डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरचा असतो. ओळखायचं ते गाडी बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत.

मधली, म्हणजे कॉइलची वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनच्या धातूपासून ६ मिमीवर धरा. धरायला कोरडी लाकडी पकड वापरा आणि पेट्रोलच्या गळतीपासून लांब राहा. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. जाड निळी ठिणगी असेल तर इग्निशन ठीक, फ्लोट चेंबर बघा. बारीक पिवळी किंवा काहीच नसेल तर टोपी काढून पॉइंटकडे बघा: उघडताना पॉइंटवरच लख्ख ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. माप साधारण ०.२ मायक्रोफॅरड, पण थंड असताना मीटरवर तो बरोबर दाखवू शकतो आणि गरम झाल्यावर सोडतो. बदलूनच खात्री होते.

पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगचा ०.०२५. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असली पाहिजे. कॅमला टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस, पॉइंटच्या खुंटीला तेलाचा एक थेंब. हे ग्रीस नसेल तर टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे सरकतं.

रोटर घेताना पितळी पट्टीला रिव्हेट नसलेला घ्या. नवीन मालात रिव्हेट खोल गेलेला असेल तर त्याच्यापासून खालच्या दांड्याला करंट उडी मारतो आणि गाडी कुठलीही सूचना न देता बंद पडते.

मायनरला एसयूचा विजेचा पंप आहे, तो बोलतो. किल्ली फिरवल्यावर चार-सहा वेळा टकटक करून गप्प झाला तर उत्तम. न थांबता टकटकत राहिला तर टाकी रिकामी किंवा कुठून तरी हवा ओढतोय. आवाजच नाही तर पंपाचे पॉइंट.

मिडलंड्स_मराठी

वायरिंगमध्ये दिव्यांना एलईडी लावायचेत. मायनरला बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. उलटवावं का?

ठिणगी

एलईडी किंवा आजचा रेडिओ हवा असेल तर उलटवा, नाहीतर गरज नाही. काम तासाभराचं, पण क्रम पाळा.

बॅटरी काढा, फिरवून बसवा. प्लसची गुंडी मायनसपेक्षा जाड असते, म्हणून वायरींची टोकंही बदलावी लागतात. कॉइलवरच्या एसडब्ल्यू आणि सीबी वायरींची अदलाबदल करा. आता डायनॅमो. त्यावरच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या मायनसऐवजी आता जिवंत असलेल्या प्लसवरून एक वायर घेऊन लहान, म्हणजे एफ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा, बारीक ठिणगी पडेल. एवढ्याने डायनॅमोच्या गाभ्यातली चुंबकता उलटते. हे विसरून इंजिन चालू केलं तर डायनॅमो उलटा चार्ज देतो आणि कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. अँमीटर असेल तर त्याच्या वायरी उलटा. कायमचुंबकाची मोटर कुठे असेल तर ती उलटी फिरेल, तिच्याही. शेवटी बोनेटखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवा, पुढचा माणूस जुन्या सवयीने बॅटरी लावेल.

रंग लक्षात ठेवा: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची बिनफ्यूजची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून, निळी हेडलाइट, लाल साइड लाइट, काळी अर्थ. आणि ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर '३५' लिहिलं असेल तर तो ३५ अँपिअरला उडतो. सतत पेलतो जवळपास १७. आजच्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज तिथे लावला तर आधी वायर जळेल.

पत्राकाम

ट्रॅव्हलरवाल्यांसाठी (मायनरचं मागे लाकडी चौकटीचं मॉडेल) एक ओळ. मागचं लाकूड शोभेचं नाही, अ‍ॅशची ती चौकट मागच्या बॉडीचं वजन पेलते. सांध्यांशी, खालच्या आडव्या पट्टीत, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा; रुतला तर लाकूड कुजलंय, वरून वार्निश मारून झाकू नका. साध्या मायनरमध्ये गंज बघायचा तो दारांखालची सिल, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर आणि पुढच्या सीटखालचा क्रॉसमेंबर, विशेषतः त्याची टोकं. गंजलेल्या क्रॉसमेंबरवर जॅक लावला तर तो आत घुसतो.

रानजाई

डॅशपॉट, फास्ट आयडलचा स्क्रूच टेकत होता. आता इंजिन खाली येतं, पण टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज ऐकू येतोय. गॅप किती?

डॅशपॉट

मायनरला ०.०१२ इंच, इंजिन पूर्ण थंड. नऊचा नियम वापरा: पुढून मोजून जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा आकडा नवातून वजा करा, येईल त्या नंबरचा टॅपेट सेट करा. आठवा दाबलेला असेल तर पहिला, सहावा असेल तर तिसरा. प्लग काढून ठेवले तर इंजिन हाताने सहज फिरतं. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर गेज पुन्हा घालून बघा. गेज लोण्यासारखं नाही, कागद ओढल्यासारखं सरकलं पाहिजे.

आवाज येणारा टॅपेट वाईट नाही. गॅप आपोआप मिटत असेल तर काळजी करा. शिशाचं पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० साल उजाडताना बंद झालं; जुन्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातात आणि गॅप कमी होतो. दर ३००० मैलांना मापं वहीत लिहा. एक्झॉस्टचा एखादा गॅप दर वेळी कमी होताना दिसला तर हेड उतरवून कडक सीट बसवून घ्या.

मिडलंड्स_मराठी

मायनरचा ब्रेक पेडल पहिल्या दाबात खाली जातो, दुसऱ्यात वर येतो. हवा काढून झाली.

कोव्हेंट्रीकर

दुसऱ्या दाबात वर येतो म्हणजे हवा नाही, शूज ड्रमपासून लांब आहेत. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन अ‍ॅडजस्टर, मागच्याला एक. ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून चाक अडेपर्यंत फिरवा, पेडल जोरात दाबून शूज मध्यावर बसू द्या, पुन्हा फिरवा, मग एक खाच मागे. पुढचा एकच अ‍ॅडजस्टर फिरवून सोडलेला असणं ही नेहमीची चूक.

तरीही पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर. तो फरशीखाली आहे, भरायचं तोंड कार्पेटखाली. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती ब्रशने पूर्ण झाडा, नाहीतर तीच आत पडते. ब्रेक ऑईल डॉट-४, दर दोन वर्षांनी बदला. चुकून इंजिन ऑईलचे थेंबही पडू देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

हेरल्ड६८

ट्रनियन खोलला. डावा दांडा गुळगुळीत, उजव्यावर सीलखाली खड्डे आहेत, नवा मागवतोय. आणखी एक: क्लच दाबला की इंजिनची पुली किंचित पुढे सरकताना दिसते. हे बरोबर आहे का?

कोव्हेंट्रीकर

किंचित म्हणजे किती ते मोजाच. हेरल्डच्या क्रँकची पुढे-मागे चाल अडवायला मागच्या मेन बेअरिंगशी अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की सगळा जोर मागच्या वॉशरवर येतो. पुलीला डायल गेज लावा, दुसऱ्याने क्लच दाबून सोडावा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक. ०.२५ च्या पुढे गेलं तर गाडी चालवू नका: वॉशर पातळ होऊन खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या तबकात) पडतो आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, ब्लॉकच वाया जातो.

इंजिन न उतरवता काम होतं. संप काढा, मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढा, जुने वॉशर क्रँकभोवती सरकवून बाहेर घ्या, नवे तसेच आत. खाचा असलेली बाजू क्रँककडे. उलटे बसले तर काही मैलांतच जातील. जास्त जाडीचे वॉशरही मिळतात, आधी मोजा, मग मागवा.

हेरल्ड६८

०.१८ आलं.

कोव्हेंट्रीकर

मग संप काढू नका. वहीत तारीख आणि आकडा लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रलला घ्या.